आईबापांना जाब विचारा, पण कशाचा?

दहावीचा निकाल लागतो, घरात मोबाईलवरून वाजतं, एखादीचा कुणावर जीव जडतो, बापाचा हात एखाद्या दिवशी जास्तच जोरात पडतो, आणि पंधरा-सोळा वर्षांचं मूल घर सोडून जातं. सोलापुरात हे पूर्वीही होत होतं. तेव्हा गल्लीतली चार माणसं एस. टी. स्टँडवर आणि चार स्टेशनवर धावायची. कुणी पंढरपूरला जायचं, कुणी अक्कलकोटच्या अन्नछत्रात जेवणाऱ्यांच्या रांगा बघून यायचं. आजही माणसं धावतात, पण त्याआधी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आईबाप काय करत होते? आधी त्यांनाच आत टाका." हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात ऐकलंय, पालकसभेत ऐकलंय, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून तर जास्तच. मी या शहरात वकिली करते. अशा प्रकरणांत कधी आईबापांच्या बाजूने उभी राहिले, कधी मुलाच्या. या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. याचा अर्थ आईबापांची काही जबाबदारीच नाही असा कुणी घेऊ नये. जबाबदारी आहे आणि ती मोठी आहे. पण ती जिथे धरायला हवी तिथे आपण धरत नाही, आणि जिथे धरून उपयोग नाही तिथे धरायला निघालोय.

या मागणीला जोर कशाने आला ते समजण्यासारखं आहे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि मुलाच्या वडिलांवर बालन्याय कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्याआधी २०१९ मध्येच मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम आलं होतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. 'मला माहीत नव्हतं' हे पालकानेच सिद्ध करायचं. लोकांना वाटतं, गाडीसाठी हे चालतं, मग पोरगं रस्त्यावर आलं तर का नको? उत्तर सोपं आहे. गाडीची किल्ली देणं ही बापाने केलेली गोष्ट आहे. मुलाने घर सोडणं ही मुलाने केलेली गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा ती बापाच्या नकळत, त्याला चुकवून केलेली असते. जे आपण केलं नाही, जे आपल्याला कळू नये म्हणूनच केलं गेलं, त्यासाठी माणसाला कैद द्यायची तर आधी फार मोठं कारण हवं. पोटचं मूल आहे एवढं कारण पुरत नाही.

भारतात घर सोडून जाणं हा मुलाचा गुन्हा नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत अनेक राज्यांत अल्पवयीन मुलाने परवानगीशिवाय घर सोडलं की त्यालाच बालन्यायालयात उभं करता येतं. आपल्याकडे बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ अशा मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतो, आणि त्या व्याख्येत हरवलेलं किंवा पळून आलेलं मूल स्पष्टपणे धरलेलं आहे. पोलिसांना, रेल्वे सुरक्षा दलाला किंवा कुणाही नागरिकाला ते सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. समिती मुलाचं ऐकते, घरची चौकशी करवते, आणि मग ठरवते: घरी पाठवायचं, घरी पाठवून देखरेख ठेवायची, नातेवाइकाकडे ठेवायचं की बालगृहात. वाचायला हे किती नीट आहे! आपल्याकडे मात्र लोक अजून या सगळ्याला 'रिमांड होम' म्हणतात, आणि पोरगं रिमांड होमला गेलं म्हणजे गुन्हेगार झालं असं समजतात. ते ऐकून आईबाप समितीच्या दारात येतात तेच घाबरून, मान खाली घालून, आरोपीसारखे.

पालकांना शिक्षा देणारं कलमही याच कायद्यात आहे. कलम ७५. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याने मारहाण केली, छळ केला, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की जन्मदात्या आईबापांनी त्यांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी गरिबी आणि क्रूरता यांची गल्लत होऊ नये याचा विचार केला होता. नवीन कडक कायदा मागणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी पूर्ण वाचावं.

आता सोलापुरात येऊ. समजा उद्या असा कायदा झाला की मूल घरातून निघून गेलं तर आईबाप दोषी. पहिल्या वर्षी कोण सापडेल? शहराच्या पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतलं, कुठलंही घर डोळ्यापुढे आणा. आई सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला दोऱ्याची रिळं. मान वर करायला फुरसत नाही, कारण वळलेल्या विड्यांचाच हिशेब होतो, आणि कारखान्यात नेल्यावर त्यातल्याही काही बाजूला काढतात. बाप यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. रात्रपाळी असली की दिवसा झोपलेला, आणि तो झोपला म्हणून घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. दोन खोल्यांत सहा माणसं. सोळा वर्षांचं पोरगं त्या घरात थांबेल तरी कुठे? ते अशोक चौकात थांबतं, मित्राच्या खोलीवर थांबतं, आणि एक दिवस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढून मुंबई गाठतं. या आईने 'जाणूनबुजून हेळसांड' केली असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

जिल्ह्यात याहून अवघड उदाहरण आहे ते ऊसतोडीचं. सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळी झाली की तोडीला माणसं येतात, इथल्या दुष्काळी भागातलीही माणसं बाहेर जातात, आणि शाळेत जाणारी मुलं आजीजवळ राहतात. चार-पाच महिने मुलाचा 'प्रत्यक्ष ताबा' त्या आजीकडे. नात निघून गेली तर कलमाच्या शब्दांप्रमाणे आधी त्या म्हातारीला विचारावं लागेल, जिला गुडघ्यामुळे धड उठताही येत नाही. आणि शिक्षा झालीच, तर मागे राहिलेल्या दोन लहान भावंडांना कोण सांभाळणार? त्यांच्यासाठी पुन्हा हीच समिती, हेच बालगृह.

हा दयेचा मुद्दा नाही, हे पुढच्या गोष्टीवरून कळेल. शिक्षेची भीती घातली की आईबाप तक्रारच देणार नाहीत. आजही देत नाहीत. मुलगी असेल तर आधी दोन दिवस नातेवाइकांकडे गुपचूप शोध होतो. "बभ्रा नको, सोयरिकी मोडतील." आणि नाहीशा झालेल्या मुलीच्या बाबतीत पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात. गाडी पुणे ओलांडून पुढे गेली की शोध कितीतरी पटींनी अवघड होतो. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संस्थेच्या याचिकेत बजावलं की मूल बेपत्ता झाल्याची खबर आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि सुरुवातीला ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असंच धरून तपास करायचा. 'थांबा, येईल परत' असं सांगून परत पाठवायचं नाही. हा आदेश आईबापांनी पोलीस ठाण्यात यावं म्हणून आहे. ठाण्याच्या दारातच त्यांना बेड्या दिसल्या तर ते पायरी चढतील का?

त्या आदेशानंतर ठाण्यात एक ठरावीक मजकूर तयार झाला आहे. फिर्यादीची प्रत हातात घेतली की तो दिसतोच: 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले'. आईला मराठी जेमतेम, घरात तेलुगू. हवालदार विचारतो, ती मान हलवते, आणि खाली अंगठा किंवा अडखळत केलेली सही. पोरगी का गेली, आदल्या रात्री घरात काय झालं, तिचं लग्न ठरवलं होतं का, शाळा कधी सुटली, यातलं काहीही त्या कागदात नसतं. गुन्हा नोंदवला हे बरोबरच झालं. चूक पुढे होते. एकदा 'अज्ञात इसम' कागदावर आला की सगळा तपास त्याच्या मागे धावतो, आणि घराकडे कुणी वळूनही बघत नाही. वास्तविक मूल स्वतःच्या मनाने घर सोडू शकतं हे आपल्या कायद्याला नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच वरदराजन खटल्यात सांगितलं होतं की पळवून नेणं वेगळं, आणि कळत्या वयाची मुलगी आपण होऊन घर सोडून आल्यावर तिला सोबत करणं वेगळं. मुलांच्या बाबतीत मात्र एक बदल नुकता झाला. जुन्या भारतीय दंड संहितेत पालकाच्या ताब्यातून पळवण्याच्या गुन्ह्यासाठी मुलाचं वय सोळा आणि मुलीचं अठरा होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोघांनाही अठराच. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगाही आता तेवढ्याच गांभीर्याने शोधला जाईल. हे चांगलं झालं.

एका मुलाची गोष्ट सांगते. नाव, वस्ती काही सांगणार नाही. सोळा वर्षांचा. रेल्वे सुरक्षा दलाला फलाटावर सापडला, समितीपुढे आला. वडील आणि काका दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. कागद झाले, मुलाला ताकीद दिली गेली, वडिलांनी 'यापुढे व्यवस्थित सांभाळीन' असं लिहून दिलं, ताबा पावतीवर सही केली आणि दुपारच्या आत सगळे घरी. मुलाला कुणी बाजूला घेऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने शर्टाची बाही वर केली असती, आणि दंडावरचे वायरचे वळ दिसले असते. ते मी नंतर पाहिले, तो पुन्हा पळाल्यावर. वडील वाईट माणूस होते का? कर्ज होतं, दारू होती, माग बंद पडला होता. पण वळ खरे होते. कलम ७५ याच माणसासाठी आहे, आणि त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, कारण सगळ्यांना पोरगं घरी पोचवायची घाई झाली होती.

माझं म्हणणं इथे आहे. घर सोडून गेलेलं मूल आणि घरातून घालवलेलं मूल, ही दोन वेगळी मुलं आहेत. दोघंही स्टेशनवर सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक शोधणं हेच समितीचं पहिलं काम, आणि कायद्याने त्यासाठी वेळही दिला आहे. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. ही मुदत काही मूल डांबून ठेवायला नाही. घराचा दरवाजा उघडून आत बघायला आहे. मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व आणि शक्यतो कुटुंबातच परत नेण्याचं तत्त्व, दोन्ही याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहेत. आपण दुसरं घाईने पाळतो आणि पहिलं विसरतो.

मुलींच्या बाबतीत तर परत आणल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. जिल्ह्यात काम करणारी कुठलीही अंगणवाडीताई हे सांगेल. पोरगी परत आली की घरात एकच विषय: उरकून टाका. सतराव्या वर्षी, सोळाव्या वर्षी, लांबच्या गावात, मंदिरात, पहाटे. ज्या आईबापांना मुलगी निघून गेली म्हणून लोक आत टाकायला निघाले होते, त्याच आईबापांच्या दारात आता हेच लोक अक्षता टाकायला जातात. खरा गुन्हा इथे घडतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे असं लग्न लावणाऱ्या किंवा ते न थांबवणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. समितीने मुलगी घरी पाठवताना आदेशाची एक प्रत त्या ग्रामसेवकाला पाठवली आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत दर महिन्याला तिला भेटून यायला सांगितलं, तर किती लग्नं अडतील! आईबापांची जबाबदारी कायद्याने धरायचीच असेल तर या ठिकाणी धरा, घट्ट धरा. इथे मी कुठलीही गरिबी ऐकून घ्यायला तयार नाही.

दुसऱ्या टोकाचे आईबापही आहेत. रोजच्या पेपरात आतल्या पानावर छोटी चौकट असते: 'जाहीर नोटीस. माझा मुलगा माझ्या ऐकण्यात नाही. त्याचा व माझा काही एक संबंध राहिलेला नाही. त्याच्याशी केलेल्या व्यवहारास मी जबाबदार नाही.' सज्ञान मुलाबद्दल देणेकऱ्यांना इशारा म्हणून अशा नोटिसीला काही अर्थ असेलही. पण सतरा वर्षांच्या मुलाबद्दल, आंतरजातीय प्रेमात पडलेल्या मुलीबद्दल, किंवा 'हा पोरगा बायकी वागतो' म्हणून घालवून दिलेल्या लेकराबद्दल अशी नोटीस देऊन आपण मोकळे झालो असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. अल्पवयीन मुलाशी असलेलं नातं चौकटीतल्या चार ओळींनी तुटत नाही.

पोटगीचा कायदा बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. ऐपत असूनही जो बाप अल्पवयीन मुलाला सांभाळत नाही, त्याला न्यायालय दरमहा रक्कम द्यायला लावू शकतं. याच कलमात बायकोबद्दल एक अट आहे: पुरेशा कारणाशिवाय ती नवऱ्याबरोबर राहायला नकार देत असेल तर तिला पोटगी नाही. (या अटीने किती बायकांचे हाल केलेत तो विषय वेगळा आणि मोठा आहे.) मुलासाठी मात्र अशी अटच नाही. मूल घरी राहत नाही म्हणून त्याचा भाकरीवरचा हक्क जातो, असं कायदा कुठेही म्हणत नाही. हे मी कितीतरी पालकांना सांगितलंय, आणि दर वेळी ते चकित होतात. "साहेब, तो घर सोडून गेला, मग आम्ही का द्यायचं?" द्यायचं, कारण तो अठराचा नाही. आत्याकडे राहतोय, वसतिगृहात राहतोय, बालगृहात राहतोय, तरी त्याची फी, त्याचं जेवण, त्याचं औषध ही बापाची आणि कमावत्या आईची जबाबदारी आहे. ऐपत असलेल्या घरांत याचा वापर जवळपास होतच नाही. होटगी रोडच्या बंगल्यातलं पोरगं घर सोडून गेलं तर त्याचा खर्चही शेवटी आत्याच करते, कारण बापाला वाटतं पैसे बंद केले की झक मारत येईल. भूक लावून मूल परत आणणं याला मी पालकत्व म्हणणार नाही. समितीने असा खर्च वसूल व्हावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज करायला मुलाला वकील मिळवून द्यावा. विधी सेवा प्राधिकरण आहेच, आणि मुलांना ते वकील मोफत देतं, उत्पन्न न बघता.

१८९० चा पालक आणि पाल्य कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम २५ मध्ये पालकाच्या ताब्यातून निघून गेलेल्या पाल्याला परत आणण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, त्यासाठी पाल्याला अटकही करवू शकतं. पण इंग्रजांच्या त्या कायद्यानेही आधी एक प्रश्न विचारायला लावला: परत जाणं पाल्याच्या हिताचं आहे का? म्हणजे हित बघायची सवय आपल्या कायद्याला सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

सोलापूरकरांनी तर आईबापांना सरसकट दोषी धरण्याचा इतिहास अंगावर घेतलेला आहे. आपल्या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आजही आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जातीजमातींची कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली होती. त्या कायद्याने सरकारला मुलं आईबापांपासून वेगळी काढून शाळांत ठेवण्याचा अधिकारही दिला होता. कारण एकच मानलेलं: हे आईबाप मुलांना बिघडवणारच. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण 'अमक्या वस्तीतले आईबाप असेच' हे वाक्य गेलं नाही. आज पालकांना शिक्षा देणारा कायदा आला तर पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीत जाईल, हे सांगायला मला कुठली आकडेवारी लागत नाही.

काही जण इंग्लंडचं उदाहरण देतात. तिथे १९९८ च्या एका कायद्याने न्यायालयाला पालकांवर आदेश काढता येतो: ठरावीक काळ मार्गदर्शनाच्या वर्गाला या, मुलाच्या वागण्याबद्दल सांगितलेल्या अटी पाळा. न पाळल्यास दंड. यातला वर्ग मला पटतो, दंड पटत नाही. विडी वळणाऱ्या बाईचा तीन तासांचा वर्ग म्हणजे तीन तासांची मजुरी. ती मजुरी भरून दिली तर ती येईल, आणि मनापासून येईल. आपल्याकडेही गुन्हा केलेल्या मुलाच्या बाबतीत बाल न्याय मंडळ पालकांचं समुपदेशन करवू शकतं, त्यांना दंडही करू शकतं. घर सोडून आलेल्या मुलाच्या पालकांसाठी मात्र अशी घडी नीट बसलेलीच नाही.

जबाबदारीच्या हिशेबात सरकारलाही धरलं पाहिजे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा. चौदा पूर्ण झाली की सरकारने हात काढून घेतला. चौदा ते अठरामध्ये धोक्याची कामं सोडून मुलगा कामालाही जाऊ शकतो. आणि नेमकी हीच चार वर्षं घर सोडण्याची. शाळा सुटलेली, काम हलकं, घरात जागा नाही, आणि कायद्याने आईबाप मात्र अठरापर्यंत बांधलेले. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना मान्य केलं होतं की मूल वाढवण्याची पहिली जबाबदारी आईबापांची, आणि त्यांना ती पार पाडायला मदत करणं सरकारचं. अर्धा करार आईबापांच्या अंगावर टाकून उरलेला अर्धा विसरून चालणार नाही. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,०००. अर्ज कुठे करायचा हेच पूर्व भागातल्या बायकांना माहीत नसतं. पोरगं पहिल्यांदा पळालं त्याच वेळी समितीने तो अर्ज आईच्या हातात दिला, भरून घेतला, तर दुसऱ्यांदा पळण्याचं एक कारण तरी कमी होईल.

म्हणून आईबापांकडून कायद्याने काय मागावं याबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही. मूल दिसेनासं झालं की त्याच दिवशी ठाण्यात या किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. हे त्यांचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहा. उशीर झाला तर चौकशी करा, अटक नको. समितीने बोलावलं की दोघांनी या. नुसता काका, मामा, नगरसेवक पाठवून चालणार नाही. घराची तपासणी करू द्या. मूल परत आलं तर ठरलेल्या तारखांना त्याला घेऊन दाखवा. आलं नाही तर त्याचा खर्च द्या. जो बाप नोटीस मिळूनही वारंवार येत नाही, ऐपत असून खर्च देत नाही, मारतो, किंवा मुलीचं लग्न उरकतो, त्याच्यावर आज आहेत तीच कलमं लावा, आणि ती शेवटपर्यंत चालवा.

आणि सोलापूर जिल्ह्यापुरती एक मागणी, जिला नवा कायदा लागत नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्य ठिकाण आहे. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या आणि हैदराबाद, बंगळुरूकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात, थांबतात. पंढरपूरला चार वाऱ्या, अक्कलकोटला बारमाही गर्दी, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. इथून मुलं जातात तशी कर्नाटक, तेलंगणातून इथे येतातही. स्टेशनवर, स्टँडवर आणि यात्रेत मुलांसाठी बसणाऱ्या माणसांत रात्रीच्या वेळी तेलुगू आणि कन्नड बोलणारी एक बाई कायम असावी. सापडलेल्या मुलाशी पोलिसाच्या आधी ती बोलेल, त्याच्या भाषेत, आईबाप येण्यापूर्वी, आणि तिने लिहिलेलं टिपण समितीच्या कागदांत पहिलं लागेल. पगार देऊन नेमायची. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून हे सहज होतं. पालकमंत्र्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. पुढचा दहावीचा निकाल लागायच्या आत ती बाई तिथे बसलेली असली पाहिजे.